स्फटिक आणि त्याचें कोंदण

इ. स. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें, आणि मौंगी बावेंडी, लुई ब्रूस व अलेक्सी एकिमोव्ह हीं तीन नांवें एका दिवसांत जगभर झालीं. ज्या वस्तूकरितां हा सन्मान मिळाला तिला शास्त्रीय परिभाषेंत अर्धवाहक पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक आणि व्यवहारांत ‘क्वांटम डॉट’ म्हणतात. वर्तमानपत्रांनीं तिची ओळख बहुधा एकाच वाक्यांत करून दिली : कण मोठा असेल तर प्रकाश तांबडा, लहान असेल तर निळा, पदार्थ तोच, भेद केवळ आकारमानाचा. वाक्य खोटें नाहीं, सुटसुटीत आहे, आणि शाळकरी मुलाच्याहि लक्षांत राहील असें आहे. पण त्यानें हकीकत अर्धीच सांगितली जाते. आकारमानानें प्रकाशाचा रंग ठरतो. परंतु स्फटिक उजळेल कीं निस्तेज राहील, आणि उजळलाच तर किती दिवस टिकेल, हें त्याच्या पृष्ठभागावर कोणते अणु व कोणते रेणु बसले आहेत यावर अवलंबून असतें. हा पृष्ठभाग ओळखण्यांत रसायनशास्त्र्यांचीं तीस वर्षें गेलीं. आमच्या मतें या शोधाचा खरा चित्तवेधक इतिहास तोच होय, आणि तो वाचकांस सांगावा एवढ्याकरितां हा प्रपंच.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. एका मैलाच्या अंतरापुढें मोहरीचा दाणा जितका, तितकाच मोहरीच्या दाण्यापुढें हा स्फटिक. प्रकाशाचा आघात झाला म्हणजे अर्धवाहकांतील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पायरीवर चढतो व मागें एक रिकामी जागा ठेवतो. या जागेला आपण ‘विवर’ म्हणूं. इलेक्ट्रॉन पुन्हां त्या विवरांत उतरला म्हणजे चढतांना घेतलेली शक्ति तो प्रकाशरूपानें परत देऊं शकतो. मोठ्या स्फटिकांत या जोडीला ऐसपैस जागा असते. स्फटिक थोड्याच नॅनोमीटरांचा झाला म्हणजे तिची कोंडी होते, पायऱ्यांमधील अंतर वाढतें, आणि प्रकाश तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. अतिसूक्ष्म कणांचे गुणधर्म मोठ्या कणांहून निराळे असावेत, असें हर्बर्ट फ्रोलिख यांनीं १९३७ सालींच गणितावरून सुचविलें होतें. परंतु तसे कण हातीं येईपर्यंत पुढें चार दशकें जावीं लागलीं.

ते प्रथम सांपडले कांचेंत. रंगीत कांच करणाऱ्या कारागिरांस फार दिवसांपासून ठाऊक होतें कीं, एकाच द्रव्याचा अंश घातलेली कांच भट्टींत कमीअधिक तापविल्यास तिचा रंग बदलतो. हें कशानें होतें याचा शोध एकिमोव्ह यांनीं लेनिनग्राड येथील वाविलोव्ह प्रकाशविज्ञानसंस्थेंत घेतला. ताम्राचें क्लोराइड मिसळलेली कांच त्यांनीं ५०० ते ७०० अंश उष्णमानावर एक तासापासून ९६ तासांपर्यंत तापविली, व तींत तयार झालेले स्फटिक क्ष-किरणांनीं तपासले. कांहीं स्फटिक दोनच नॅनोमीटरचे होते, तर कांहीं ३० नॅनोमीटरपर्यंत वाढलेले होते. आणि स्फटिक जितका लहान, तितका शोषला जाणारा प्रकाश निळ्याच्या बाजूस गेलेला होता. १९८१ सालीं एका सोव्हिएट नियतकालिकांत हें प्रसिद्ध झालें, पण तें पश्चिमेकडे फारसें कोणाच्या वाचनांत आलें नाहीं. येथें एवढेंच लक्षांत ठेवावयाचें कीं, एकिमोव्ह यांचे स्फटिक कांचेंत गाडलेले होते. त्यांच्या पृष्ठभागास हात लावण्याची सोय नव्हती, आणि त्यामुळें पृष्ठभागाचा प्रश्नहि तेथें ऐरणीवर आला नाहीं.

तो आला अमेरिकेंत, न्यू जर्सी प्रांतांतील बेल प्रयोगशाळेंत. ब्रूस यांस सूर्यप्रकाशाच्या साह्यानें रासायनिक क्रिया घडवून आणावयाच्या होत्या व त्याकरितां ते कॅडमियम सल्फाइडचे कण पाण्यांत तरंगत ठेवीत. कण लहान हवे होते, कारण लहान कणांचा एकंदर पृष्ठभाग मोठा. म्हणजे आरंभापासून ब्रूस यांस हवा होता तो पृष्ठभागच ! असें एक द्रावण कांहीं काळ मेजावर तसेंच राहिलें, आणि त्याचा प्रकाशाशीं असलेला व्यवहार पालटलेला दिसला. ताजे कण सुमारें साडेचार नॅनोमीटरचे होते. शिळे झालेले साडेबारांचे. १९८३ सालीं ब्रूस यांनीं याचा अर्थ जगापुढें मांडला. रशियांत तेंच दिसून आलें होतें, हें त्यांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें.

आतां थोडा हिशेब सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. मोहरीच्या दाण्यांतील एकंदर अणूंपैकीं पृष्ठभागावर येणारे नगण्य. ते कसे वागतात याची चौकशी आंतल्या अणूंस करावी लागत नाहीं. परंतु दोनतीन नॅनोमीटरच्या स्फटिकांत साधारण निम्मे अणु पृष्ठभागावरच असतात. ज्या गांवचीं निम्मीं घरें वेशीला लागून आहेत, त्या गांवानें वेशीची फिकीर करूं नये, हें कसें चालेल ? आंतल्या अणूला चार शेजारी असतात व त्याचे चारी हात त्यांच्या हातांत गुंतलेले असतात. पृष्ठभागावरच्या अणूचा एखादा हात मोकळा राहतो, आणि हा मोकळा हातच सर्व अनर्थाचें मूळ होय. इलेक्ट्रॉन किंवा विवर फिरतां फिरतां तेथें आलें कीं अडकून बसतें. अशा जागांस शास्त्रज्ञ सांपळे म्हणतात. मग जोडीची गांठ नीट पडत नाहीं, आणि घेतलेली शक्ति उष्णतेंत जाते, किंवा मंद, पसरट व अपेक्षेहून तांबूस अशा प्रकाशाच्या रूपानें कशीबशी बाहेर पडते. प्रारंभींच्या पाण्यांतील कणांची दीप्ति अशीच होती. आकारमानाचा सिद्धांत हातीं आला होता, पण दिवा लागत नव्हता !

तो लावण्याचा पहिला मोठा मान आम्ही आर्निम हेंगलाइन यांस देऊं. पारितोषिकाच्या गडबडींत त्यांचें नांव फारसें ऐकूं आलें नाहीं, म्हणून येथें थोडें विस्तारानें लिहितों. पश्चिम बर्लिनमधील हान-माइटनर संस्थेंत ते व त्यांचे सहकारी कॅडमियम सल्फाइडच्याच द्रावणांवर काम करीत होते. १९८७ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, स्फटिक तयार झाल्यावर द्रावणांत कॅडमियम जरूरीपेक्षां जास्त घालून तें दाहक सोड्यानें क्षारधर्मी केलें, तर कॅडमियम हायड्रॉक्साइडचें पातळ कवच स्फटिकावर बसतें, आणि जो कण निस्तेज होता तो झळकूं लागतो. शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागें पन्नासांहून अधिक परत मिळूं लागले. प्रकाशहि तो पसरट तांबूस नव्हे, तर स्फटिकाच्या आकारमानास शोभेल असा स्वच्छ. शिवाय उघडा कॅडमियम सल्फाइड हवेंत व उजेडांत झिजत जातो, तो हा कवचधारी पुष्कळ टिकला. आंतला स्फटिक तोच होता. बदललें तें वरचें पांघरूण. जडजवाहिराच्या धंद्यांत कोंदणाचें महत्त्व जाणकारच ओळखतो. सामान्य गिऱ्हाईक खडाच पाहतें. येथेंहि तसेंच झालें. हें कवच सांपळ्यांचें नेमकें काय करतें, याचा समाधानकारक उलगडा त्या वेळीं कोणी करूं शकला नाहीं. त्यास आणखी पंचवीस वर्षें लागणार होतीं, आणि त्या गोष्टीकडे आम्ही पुढें येणारच आहों.

मध्यंतरीं बेल प्रयोगशाळेंत दुसराच मार्ग चोखाळला जात होता. कण एकमेकांस चिकटून त्यांचा गाळ बनूं नये म्हणून त्यांवर सेंद्रिय रेणूंचें अस्तर चढवावें, अशी ती कल्पना. आणि १९८८ सालीं मायकेल स्टायगरवाल्ड, ब्रूस व त्यांचे सहकारी यांनीं स्फटिकाच्या पृष्ठभागावरील सेलेनियमला सेंद्रिय गट जोडून ती सिद्धीस नेली. असे अस्तर लावलेले कण वाळवून पुडींत ठेवतां येत व हवे तेव्हां पुन्हां विरघळवितां येत. याच सुमारास बावेंडी तेथें उमेदवारी करण्यास आले. पुढें ते मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्रसंस्थेंत गेले, आणि १९९३ सालीं क्रिस्टोफर मरे व डेव्हिड नॉरिस या शिष्यांसह त्यांनीं ती सुप्रसिद्ध कृति प्रसिद्ध केली. सुमारें ३०० अंशांवर तापलेल्या एका स्निग्ध द्रवांत कॅडमियम व सेलेनियम यांचीं संयुगें पिचकारीनें एकदम सोडावयाचीं. उष्णमान खालीं येतांच नवे अंकुर फुटणें थांबतें, आणि जे फुटले ते सारे बरोबरीनें वाढतात. या रीतीनें १·२ पासून ११·५ नॅनोमीटरपर्यंत हव्या त्या मापाचे एकसारखे स्फटिक मिळूं लागले. आकारमानाचा प्रश्न सुटला. दीप्ति मात्र शेंकडा १० च्या आसपासच होती.

त्या स्निग्ध द्रवाची कथा सांगण्याजोगी आहे. त्याचें नांव ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड. प्रयोगशाळांत त्यास ‘टोपो’ म्हणतात, आणि वाचकांवर दया करून आम्हीहि तसेंच म्हणूं. थंडींत तो मेणासारखा थिजलेला असतो. बाजारांत त्याचे दोन प्रकार मिळत : एक महाग व शेंकडा ९९ शुद्ध, दुसरा स्वस्त व शेंकडा ९० शुद्ध. स्फटिक करणारे स्वस्तच घेत, आणि त्यांचें काम होई. परंतु एका बाटलींतल्या टोपोनें स्फटिक सुरेख येत, तर दुसऱ्या खेपेच्या बाटलीनें तीच कृति बिघडे. ज्याच्या हातीं चांगली खेप लागली तो ती जपून वापरी. यांत विनोदाचा भाग सोडला तर स्थिति मोठी विलक्षण होती : एका नव्या शास्त्राचीं मापें, आलेख व प्रबंध अशा एका वस्तूवर उभे होते कीं, जिचें नांवहि कोणास सांगतां येत नव्हतें. मग कोणी शुद्ध टोपो घेऊन पाहिला, तों स्फटिकांची वाढ आवरेना. स्वयंपाकघरांतील कोणतीहि गृहिणी याचें निदान तात्काळ करील. भांडें लख्ख घांसून स्वच्छ दूध ठेवलें तर दहीं लागत नाहीं; कालच्या दह्याचा ठिपका राहून गेला असेल तरच लागतें.

हें विरजण कोणतें, याचा माग आर्कान्सास विद्यापीठांतील शियाओगांग पेंग यांच्या प्रयोगांनीं लागला. शुद्ध टोपोमध्यें त्यांनीं फॉस्फोनिक अम्लें मोजून घातलीं आणि वाढ पुन्हां ताब्यांत आणली; २००१ सालीं तर डायमिथिलकॅडमियम हें हवेंत पेट घेणारें विषारी संयुग बाजूस सारून साध्या कॅडमियम ऑक्साइडपासूनच स्फटिक करून दाखविले. मग २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं तयार स्फटिकांचा पृष्ठभाग रासायनिक क्रियांनीं व चुंबकीय अनुनादाच्या साह्यानें तपासला, तेव्हां जें आढळलें तें पाहून पुष्कळांस आपलीं व्याख्यानांतील चित्रें पुसावीं लागलीं असतील. पंधरा वर्षें स्फटिकाभोंवतीं टोपोचे रेणु काढण्याची वहिवाट होती. प्रत्यक्षांत स्फटिकास घट्ट धरून बसलेलीं होतीं तीं फॉस्फरसयुक्त अम्लें. म्हणजे शेंकडा ९० तला मुख्य पदार्थ हा नुसता प्रेक्षक, आणि ज्यास मळ म्हणून हिणविलें तेंच खरें कोंदण !

अस्तराचा हा शोध चालू असतां दीप्तीचा प्रश्न दुसऱ्या वाटेनें पुढें गेला होता. १९९६ सालीं शिकागो विद्यापीठांतील मार्गारेट हाइन्स व फिलिप ग्यो-सियोने यांनीं कॅडमियम सेलेनाइडच्या स्फटिकावर झिंक सल्फाइडचा एकदोन अणुथरांचा लेप दिला, आणि दीप्ति शेंकडा ५० वर गेली. हेंगलाइन यांची युक्ति पाण्यांत होती. ही टोपोच्या कढईंत झाली. तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई करतात, तिचें येथें स्मरण होतें. झिंक सल्फाइडमध्यें पायऱ्यांचें अंतर बरेंच मोठें असल्यानें इलेक्ट्रॉन व विवर आंतल्या गाभ्यांतच कोंडलेलीं राहतात व बाहेरच्या सांपळ्यांपर्यंत त्यांचा सहसा हात पोंचत नाहीं. पण कल्हईप्रमाणेंच येथेंहि जाड थर देऊन भागत नाहीं. दोन्ही स्फटिकांच्या जाळींत सुमारें शेंकडा १२ चा फरक आहे. लेप जाड झाला कीं तो ताणानें तडकतो आणि तडेच नवे सांपळे होतात. पुढील वर्षीं बर्कली येथें पॉल अलिव्हिसाटोस यांच्या मंडळींनीं कॅडमियम सल्फाइडचा लेप दिला, त्याची जाळी गाभ्याशीं पुष्कळ जुळते. १९९८ सालीं अशाच लेप दिलेल्या स्फटिकांवर पाण्यांत मिसळतील असे थर चढवून दोन निरनिराळ्या गटांनीं ते जिवंत प्राण्यांच्या पेशींत खुणेकरितां वापरले. तो विषय वैद्यकाचा आहे. येथें त्याचा नुसता निर्देश पुरे.

पृष्ठभागावरील रेणु केवळ पहारा करतात असें मात्र समजूं नये. त्यांची व आंतल्या स्फटिकाची जोडी जमावी लागते. गंधकयुक्त थायॉल नांवाच्या रेणूंचें उदाहरण घ्या. १९९० नंतरच्या दशकांत पुणें विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत सुलभा कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं झिंक सल्फाइड व कॅडमियम सल्फाइडचे सूक्ष्म कण करण्याकरितां अशाच गंधकयुक्त रेणूंचें आच्छादन उपयोगांत आणलें होतें. पण २००४ सालीं हॉलंडमधील युट्रेक्ट येथें असें दिसून आलें कीं, हेच थायॉल कॅडमियम सेलेनाइडवर बसविले तर त्याची दीप्ति विझते, आणि कॅडमियम टेल्युराइडवर बसविले तर ती वाढते. कारण असें कीं, सेलेनाइडमधील विवराला थायॉलवर जाऊन बसणें सोयीचें पडतें. टेल्युराइडमध्यें विवराची पायरीच अशा ठिकाणीं आहे कीं, तेथून थायॉलवर जाण्यांत त्याचा कांहीं लाभ नाहीं. एकाला औषध तें दुसऱ्याला विष ! आणि २०१० सालीं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील मॅथ्यू फ्रेडरिक व एमिली वाइस यांनीं याहून पुढची गोष्ट दाखविली. डायथायोकार्बामेट जातीचे रेणु बसविल्यावर, स्फटिकाचा गाभा तितकाच असतां, त्याचा शोषणाचा रंगहि तांबड्याकडे सरकला. कारण कोंडलेल्या विवरास या रेणूंनीं दार उघडून देऊन आपल्या अंगणांत घेतलें. तेव्हां वर आम्हीं जें म्हटलें, कीं रंग आकारमानानें ठरतो व तेज पृष्ठभागानें, ती वांटणीहि कांटेकोर नव्हे.

आतां हेंगलाइन यांच्या कवचाकडे वळूं. २०१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांतील जोनाथन ओवेन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, या स्फटिकांच्या पृष्ठभागावर नुसते रेणुच नव्हे, तर धातूसकट रेणु बसलेले असतात. कॅडमियम आणि सेंद्रिय अम्ल यांचें अख्खें संयुग तेथें सैलपणें बसतें, आणि अमाइन जातीचा रेणु आला कीं तें उठून जातें. असें कॅडमियम उठून गेलें कीं स्फटिक मंदावतो, कारण त्याच्याखालचे सेलेनियमचे अणु उघडे पडतात व विवराचे सांपळे बनतात. बर्लिनच्या मंडळींनीं १९८७ सालीं द्रावणांत जास्तीचें कॅडमियम कां घातलें व तें कां लागू पडलें, यावर याहून चांगला प्रकाश दुसऱ्या कोणत्याहि प्रयोगानें पडलेला आम्हांस माहीत नाहीं. ब्रूस हेहि १९९६ पासून याच कोलंबिया विद्यापीठांत होते, हा एक सुंदर योग.

पृष्ठभागाची मशागत कोठवर पोंचली, याचें एक माप २०१९ सालीं मिळालें. इतक्या वरच्या मर्यादेस आलेली दीप्ति प्रकाश मोजून नीट ठरवितां येत नाहीं. म्हणून कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं उलट हिशेब केला, व स्फटिकांत उष्णतेच्या रूपानें किती शक्ति वायां जाते तें मोजलें. कॅडमियम सल्फाइडचें चांगलें जाड कवच चढविलेल्या सेलेनाइडची दीप्ति शेंकडा ९९·६ भरली.

पण कॅडमियम विषारी. युरोपांत त्याच्या वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या दिवाणखान्यांत हल्लीं ज्या क्वांटम डॉटच्या दूरचित्रवाण्या आहेत, त्यांतील बऱ्याच इंडियम फॉस्फाइडच्या स्फटिकांवर चालतात. हा स्फटिक उघडा असला कीं हवेंतील प्राणवायूनें त्यावर ऑक्साइडची पुटी धरते आणि तो अगदीं मंद पडतो. हायड्रोफ्लुओरिक अम्लानें पृष्ठभाग खरवडला असतां त्याचें तेज कित्येक पटींनीं वाढतें, हें अमेरिकेंतील ओल्गा मिचिच व आर्थर नोझिक यांनीं १९९६ सालींच दाखविलें होतें. तेवीस वर्षांनीं कोरियांतील सॅमसंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्याच अम्लाचा थोडा अंश कवच चढवितांनाच मिसळला, आणि इंडियम फॉस्फाइडहि शेंकडा १०० च्या जवळ नेऊन ठेवला.

या सर्व मंडळींस चकविणारा एक स्फटिक २०१५ सालीं झुरिच येथें माक्सिम कोवालेंको यांच्या प्रयोगशाळेंत निघाला. तो सीझियम, शिसें आणि ब्रोमीन किंवा त्याचे भाऊबंद यांचा असून, कोणतेंहि कवच न चढवितां त्याची दीप्ति शेंकडा ५० ते ९० भरली. त्यांतहि दोष असतात. परंतु त्यांपैकीं बहुतेक दोन पायऱ्यांच्या मधोमध न येतां कडेला येतात, म्हणून इलेक्ट्रॉन त्यांत फसत नाहीं. मग पृष्ठभागाचा प्रश्न मिटला काय ? मुळींच नाहीं. या स्फटिकावरील रेणु इतके सैल बसतात कीं, तो धुऊन स्वच्छ करूं गेलें तर रेणु निघून जातात, कण एकमेकांस चिकटतात आणि तेज ओसरतें. २०१८ सालीं त्याच मंडळींनीं धन व ऋण असे दोन्ही भार ज्यांच्या अंगीं आहेत असे रेणु वापरून पाहिले. ते दोन्ही बाजूंनीं धरून राहत असल्यामुळें स्फटिक पुन्हां पुन्हां धुतला तरी तेजस्वी राहिला. पाण्याशीं मात्र त्याचें अजून जमत नाहीं. पाणी लागलें कीं तो विरघळूं लागतो व त्यांतलें शिसें मोकळें होतें. आणि कॅडमियम सेलेनाइडला जशी कल्हई चढली तशी याला चढवूं गेलें तर त्या खटपटींत आंतला स्फटिकच बिघडतो. त्या कल्हईच्या मागें आज अनेक देशांतील प्रयोगशाळा लागल्या आहेत.